बुधाजीने ओढून बसवलेली तार

पोशीरच्या बुधाजी बडेकराने पंचविशी उलटेपर्यंत बैलगाडी हाकली. भाताची पोती नेरळ स्टेशनावर पोचवायची, हे त्याचे काम. त्याने आवळलेला दोर वाटेत सैल पडला असे कधी झाले नाही. पोती रचून झाली की तो चाकाला पाय लावून दोर ओढी, मग दोरावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐके. मनासारखा आवाज आला तरच बैल जुंपले जात.

लडकूशेठने १९३१ साली एक जुनी मोटार आणून कर्जत ते खालापूर उतारू न्यायला सुरुवात केली. बुधाजी आधी नुसता बघायला गेला आणि पुढे दुरुस्तीला तिथेच राहिला. शिकवणारा कोणी नव्हता. उघडायचे, पाहायचे, पुन्हा बसवायचे. दोन वर्षांत मोटार अडली की लोक त्याचेच नाव घेऊ लागले. मोटार चालवणारा गजा त्याच्याहून लहान आणि तोंडाळ.

"काका, पेच पिळताना बैलाला विचारता काय?"

"बैल उलटं बोलत नाय. तुझ्यापरीस बरा."

१९३४ च्या दसऱ्यानंतर पायडलापासून इंजिनापर्यंत जाणारी लोखंडी कांब झिजून निकामी झाली. तशी दुसरी मिळेना. बुधाजीने तिच्या जागी नळीतून जाणारी तार बसवायचे ठरवले. पायडल दाबले की तार ओढली जाते आणि इंजिनाला पेट्रोल जास्त मिळते. नळीच्या टोकाला तार कमी-जास्त ताणण्याचा पेच असतो.

या तारेच्या दोन गरजा असतात. नळीला मोकळा बाक लागतो आणि तारेत तांदळाच्या दाण्याएवढी ढील लागते. खराब रस्त्यावर इंजिन आपल्या जागी हलते. नळी तोकडी आणि तार ताठ असेल, तर कोणी पाय न लावताही त्या हलण्याने तार ओढली जाते. हे बुधाजीला कोणी सांगितले नव्हते. त्याने नळी जवळच्या वाटेने सरळ नेली, पेच फिरवत तार ताठ केली आणि तिच्यावर टिचकी मारली.

"आता बघ," तो गजाला म्हणाला, "पाय टेकला की गाडी उठंल."

उभ्या गाडीत सगळे ठीक चालले. तीन दिवस रस्त्यावरही ठीक चालले.

चौथ्या दिवशी खालापूरच्या अलीकडच्या उतारावर चाक एका खोल खड्ड्यात आदळले. इंजिन एकाएकी गरजले आणि मोटार रस्ता सोडून शेताच्या बांधावर गेली. कडेला बसलेली ठाकूरवाडीची मंगळी खाली पडून चाकाखाली सापडली. ती नवरा पोशासह मध आणि डिंक विकायला निघाली होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गजाला पोलिसांनी धरले. "मी ब्रेक दाबत होतो, गाडीच पळाली," असे तो सांगत राहिला. कोणी मानेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी फौजदार पंचनाम्याला येणार होते. त्याआधी सकाळी लडकूशेठ बुधाजीला घेऊन मोटारीपाशी गेला. बुधाजीने झाकण उघडले आणि खांदा लावून इंजिन हलवले. पायडलापाशी कोणीच नव्हते, तरी तारेच्या टोकाची, पेट्रोल सोडणारी दांडी उठली. त्याने तीन वेळा करून पाहिले. तिन्ही वेळा उठली.

लडकूशेठनेही ते पाहिले. "पेचाचे दोन आटे सोड," तो हळू आवाजात म्हणाला.

"शेठ, गजाचा पाय पायडलावर नव्हता."

"गजा तुझा कोन लागतो रं? जवान हाय. दोन-तीन महिने आत जाईल, भायेर येईल. तुझं नाव गेलं तर पुन्यांदा कोन तुला पाना धरू देईल? आनि माझा परवाना?"

पाना बुधाजीच्या हातातच होता. पेच दोन हातांवर होता. सोडायला घटकाही लागली नसती. त्याने पाना पिशवीत टाकला, झाकण लावले आणि तो बांधावर जाऊन बसला.

"फौजदारसाहेब येईस्तवर त्या तारेला कोनी हात लावायचा नाय. मीबी नाय."

"बैलगाडीवाला तो बैलगाडीवालाच," म्हणत लडकूशेठ निघून गेला. बुधाजी उन्हात बसून राहिला. फौजदार आले तेव्हा त्याने स्वतःच झाकण उघडून दिले आणि इंजिन पुन्हा हलवून दाखवले.

खटला कर्जतला चालला; पोशीरची आम्ही काही माणसे ऐकायला गेलो होतो. तुझ्या बोलण्याने दोष तुझ्यावर येतो हे कळते का, असे मॅजिस्ट्रेटनी त्याला विचारले.

"कळतं साहेब. गाडीचा दोर आवळावा तशी मी तार आवळली. ढील ठेवायची असती, हे मला ठावं नव्हतं. बाईचा पाय माझ्यानं गेला."

पोशा मागे भिंतीला टेकून उभा होता.

गजा सुटला. बुधाजीला सहा आठवड्यांची साधी कैद झाली. शिपाई त्याला बाहेर आणत होता, तेव्हा गजा आडवा आला. तो आभार मानील असे आम्हाला वाटले. तो आपल्या उजव्या पायाकडे बघत होता.

"काका, पंधरा दिस मी ह्यो पाय बघतोय. वाटायचं, ब्रेक समजून ह्यानंच दुसरं पायडल दाबलं. शेवटी आयशीलाबी मी तसंच सांगितलं. माझाच पाय चुकला म्हनून."

"नाय रं," बुधाजी म्हणाला. "पाय तुझा बरोबर व्हता."

गजा तिथेच खाली बसला आणि मोठ्याने रडू लागला. शिपाई थोडा थांबला. मग त्याने बुधाजीच्या दंडाला हात लावला आणि दोघे पुढे गेले.

सुटून आल्यावर बुधाजीने मोटारीला पुन्हा हात लावला नाही. लडकूशेठने त्याला कामावर ठेवले नाही आणि त्यानेही दुसरीकडे विचारले नाही. गजाने पुढे दुसऱ्या मालकाची मोटार बरीच वर्षे चालवली. बुधाजी ठाकूरवाडीत जाऊन मंगळीला भेटून आला, एवढे मला ठाऊक आहे. तिथे काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.