शांता बुटीबोरीहून परत का फिरली

शांता आज सकाळी गेली, आणि मला रडू येण्याआधी तिचा रागच आला.

असं लिहू नये, माहीत आहे. पण दिवसभर डोक्यात नुसता गोंधळ आहे.

शांता माझी कॉलेजची मैत्रीण. पुढे धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये सिस्टर झाली, रिटायर होऊन बेसाला राहत होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही पाच मुलींनी ठरवलं, नागपूर ते कन्याकुमारी सायकलनं जायचं.

कल्पना शांताची. घरोघरी जाऊन आयांना पटवणारीही शांताच.

माझी आई म्हणाली, "पोरींनी एवढ्या दूर कायले जाव?"

"काकू, घरी बसली तरी तुम्हाले काळजी, गेली तरी काळजी. मंग जाऊ द्या ना!"

आई हसली. तिथेच काम झालं.

मग वर्षभर ट्रेनिंग. पहाटे कामठी रोड. टूरवर सामान असणार म्हणून कॅरिअरला पोत्यात गुंडाळून विटा बांधायच्या.

पहिल्याच आठवड्यात मी विटांसकट नालीत.

शांतानं आधी सायकल उचलली, मग विटा, मग मला.

"लागलं काय वं?"

"हो."

"मंग बस लवकर सीटवर. थंडं झालं का जास्त दुखते."

रविवारी रामटेक, जाऊन-येऊन. गडाच्या चढावर माझा जीव जायचा. ही वरून फिरून परत यायची आणि माझ्या बाजूनं हळूहळू चालवायची. बोलायची काही नाही.

पंक्चर काढायला तिनंच शिकवलं. मे महिन्यात भर दुपारी डोक्याला ओला दुपट्टा बांधून बाहेर काढायची. "रस्त्यावरचं ऊन तुले विचारून पडन काय?"

निघायच्या दिवशी कॉलेजसमोर ही गर्दी! हार, फोटो, भाषणं. शांताचे बाबा मिलमध्ये कामाला होते. सुट्टी टाकून आले होते आणि अनोळखी लोकांनाही पेढे वाटत होते.

बुटीबोरीला, नागपूरपासून जेमतेम तीस किलोमीटरवर, पहिला चहा.

शांतानं सगळ्यांच्या चाकांतली हवा बघितली. माझी चेन बघितली. आपला पंप सोडून माझ्या सायकलला बांधला.

"तुम्ही व्हा समोर. मी घरी चालली."

आम्हाला वाटलं मस्करी.

"काहून वं? बरं नाही वाटत?"

"बरी आहे."

"कोणी काही बोललं?"

"नाही."

"मंग?"

"माहीत नाही वं. जाऊन राहिली, बस."

आणि गेली. नागपूरकडे. सरळ, झपझप, नेहमीसारखी.

आम्ही चौघी तिथे किती वेळ उभ्या होतो, आठवत नाही. मग कोणीतरी पॅडल मारलं.

कन्याकुमारीला पोचलो आम्ही.

परत आल्यावर मी तिच्या घरी गेले, भांडायच्या तयारीनं. तिनं भांडू दिलंच नाही. घाट कसा होता, पंक्चर कुठे झालं, समुद्र पाहून पहिले काय केलं... दुपारभर विचारत होती. मी सांगत गेले.

भांडण राहूनच गेलं.

नंतर कितीदा विचारलं. कधी म्हणायची पाय दुखत होता. कधी म्हणायची बाबांचा चेहरा दिसून राहिला होता. कधी नुसती हसायची.

लग्नं झाली, संसार झाले. मैत्री टिकली.

मग एकदा तिची मुलगी वैशाली, शाळेत होती तेव्हा, मला म्हणाली, "मावशी, आई बुटांसकट समुद्रात गेली होती ना?"

बुटांसकट मी गेले होते.

जंगलातलं पंक्चर, पाणी देणारा ट्रकवाला, सगळं माझं. शांता ते स्वतःचं म्हणून सांगत होती.

मी तिचं म्हणणं खोडलं नाही. चिडले होते, हो. पण तिनं तयार केलं नसतं तर मी बुटीबोरीसुद्धा गाठली नसती. मग ती टूर नक्की कोणाची? मला आजही धड सांगता येत नाही.

आज सगळं आटोपल्यावर वैशालीनं मला आतल्या खोलीत नेलं.

"मावशी, आई टूरवर गेली नव्हती ना?"

मी दार लोटून घेतलं.

"तिनंच सांगितलं, दवाखान्यात. म्हणे, मी बुटीबोरीहून परत आली. मी विचारलं, काहून? तर म्हणे, मावशीले विचारजो. तिले माहीत असन."



"अवं, मी तर इतकी वर्षं तुझ्या आईलेच विचारून राहिली होती."

वैशालीला आधी हसू आलं, मग रडू. मलाही.

"म्हणजे कोणालेच माहीत नाही?"

"नाही वं बाई."

रविवारी शांतासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, तिथे आठवणी सांगतात; त्यात मी बोलावं असं ती म्हणते. टूरबद्दलच. आणि खरं तेच. हे लिहायलाही तिनंच सांगितलं.

काय बोलू? एवढी तयारी केलेली, कशालाच न भिणारी मुलगी चहा पिऊन परत फिरली, आणि का, ते तिलाही कळलं नाही. आणि ते माझ्याजवळ सापडेल असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

नाही सापडलं, शांते. खूप शोधलं.

नाही समजलं तरी चालेल, असं लिहिणार होते. पण नाही चालत मला.

तरी जा आता. मी नाही अडवत.

जय भीम, माझ्या बाई.