साहेबांना विचारून घेतो

यवतमाळची भैरवी मोहरील एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत बसते. कार्यालयाला पंखे हवेत, टेबलं हवीत, प्रिंटर हवा, की कागद तिच्याकडे येतात. दुकानदारांचे भाव मागवायचे, कोणाची वस्तू टिकेल आणि कोणाची वर्षात बंद पडेल ते पाहायचं. ती ज्यावर खूण करते त्याच्याखाली साहेब न वाचता सही करतात.

घरी मात्र तिच्या पसंतीचा मिक्सरसुद्धा आला नाही. तिनं खरबरीत फरशी सांगितली, नवरा वामन चकचकीत टाइल घेऊन आला. पहिल्याच पावसाळ्यात तीच त्यावर घसरली. तिनं हलकी स्कूटर पाहून ठेवली, घरात आली जड, कारण शोरूम वामनच्या मित्राचं. दर वेळी त्याचं एकच बोलणं, "तुझ्याचसाठी आणली ना?"

भैरवीला ट्रक चालवायला आवडतो. खरा नाही, कॉम्प्युटरच्या खेळातला. लांबलचक मालट्रक, डोंगरातला रस्ता, मागे भरलेला माल. या वयात हे काय, असं विचारणारे पुष्कळ. वामन रोज संध्याकाळी पत्ते कुटायला जातो, त्याचं वय अजून कोणी काढलेलं नाही.

नुसता खेळायला कॉम्प्युटर आणला असता तर नात्यागोत्यात वर्षभर चघळायला विषय झाला असता. म्हणून तिनं तो हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडायचं ठरवलं. वामनला सिनेमे आणि मॅच, तिला ट्रक. उन्हाळाभर तिनं एकेक भाग निवडला. सिनेमात कोणी हळू बोलत असताना मशीन घरघरायला नको, म्हणून मोठे, सावकाश फिरणारे पंखे. यवतमाळचा मे महिना सोसायचा, म्हणून पुढून जाळीचं रुंद कॅबिनेट.

"शोकेसमध्ये ठेवू, काचेआड," वामन म्हणाला. "धूळ नाही बसणार."

"कोंडून जळेल ते."

"मग कूलरचं तोंड करू ना त्याच्याकडे. थंडगार राहील."

"कूलर पाणी फेकते. विजेचं सामान आहे, वाळ्याचा पडदा नाही."

सोफ्यावरून चालेल असा बिनवायरचा कीबोर्ड ठरला. आणि ग्राफिक्स कार्ड. सिनेमाला त्याच्यावाचून अडत नाही, पण तिचा ट्रक त्याच्याशिवाय हलत नाही. सगळ्यात जास्त दिवस तिनं त्या कार्डावर घालवले होते.

दुकानदार आसिमनं ऑर्डर नीट लिहून घेतली, चहा पाजला आणि शेवटी म्हणाला, "ठीक आहे भाभी. एकदा साहेबांना विचारून घेतो."

ऑफिसात रोज ऐकायचं वाक्य. तिनं लक्ष दिलं नाही.

ती ऑफिसात असताना मशीन बसलं. संध्याकाळी घरी आली तर हॉलच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर, पाचवा टीव्हीखाली, आणि सोफ्यामागे धमधम आवाजाचा, डब्याएवढा काळा ठोकळा. वामन आवाज वाढवून दाखवत होता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

"हे कोणी सांगितलं?"

"आधी पाहा तर. स्टेडियममध्ये बसल्यासारखं वाटते."

तिनं ट्रकचा खेळ लावला. ट्रक दोन हात पुढे गेला, थांबला, पुन्हा उडी मारून पुढे गेला. रस्ता तुकड्यातुकड्यांनी येत होता. तिनं स्विच बंद केला, कॅबिनेटची बाजू उघडली. कार्डाची जागा रिकामी होती.

"कार्ड कुठं आहे?"

"आसिमनं मले विचारलं, म्हणून साकेतले फोन लावलता," वामन म्हणाला. साकेत त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. "तो म्हणे आईले एवढ्या भारी कार्डाची काय गरज. ते काढून स्पीकर घ्या, घरात सगळ्यांच्याच कामी येईल."

"मले काहून नाही विचारलं?"

"त्यात विचारायचं काय? तू खेळतेस किती, अर्धा तास. आणि तो मोबाइलवरचा ट्रक आहेच की तुझा."

"सगळे म्हणजे कोण? तू आणि तुझी मॅच?"

"शेजारी ऐकून राह्यले, हळू बोल."

"त्यांनी मघापासून तुझे स्पीकर ऐकले ना, आता मले ऐकू दे."

तिला कार्डापेक्षा दुसरंच लागलं होतं. तिघं पुरुष, एक यवतमाळच्या दुकानात, एक घरात, एक पुण्यात. तिच्या पगारातून घेतलेली वस्तू त्यांनी आपसात बोलून बदलली, आणि तिच्याकडे फोन आहे हे तिघांतल्या एकालाही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, सगळे स्पीकर, तो काळा ठोकळा आणि कॅबिनेट ऑटोत घातले आणि दुकान गाठलं.

"हे परत घ्या. माझं कार्ड बसवा."

आसिम अवघडला. "भाभी, मी तर फक्त कन्फर्म करायले फोन केलता. मोठी ऑर्डर होती. सगळेच करतात."

"साहेब येऊन ऑर्डर देतात तेव्हा माझ्या घरी फोन करता का, बाईसाहेबांना विचारतो म्हणून?"

तो खोके तपासू लागला. तपासून झाल्यावर त्याचा हात मोबाइलकडे गेला आणि तिथंच थबकला.

"लावा," भैरवी म्हणाली. "पण विचारायचं नाही. नुसतं कळवायचं."

त्यानं फोन लावला. "साहेब, आसिम बोलतो. भाभी आल्या आहेत. कार्ड बसवून राह्यलो." पलीकडचं ऐकलं आणि फोनवर हात धरून म्हणाला, "साहेब विचारतात, मॅचचा आवाज?"

"टीव्हीले आवाज आहे म्हणा."

त्या रविवारी मॅच होती. भैरवीनं सकाळीच सांगून ठेवलं की टॉस होईपर्यंत टीव्ही तिचा. वामन वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडून बसला. दुपारी साकेतचा फोन आला.

"आई, बाबा खूप नाराज आहेत गं. त्यांच्यासाठी एवढंही..."

डोंगराचं वळण गुळगुळीत उलगडत होतं, एकही झटका न बसता. मागे माल भरलेला होता.

"घाट सुरू आहे," ती म्हणाली. "मागून फोन कर."