हणमंतचं नाव कुणी घ्यायचं

दुपारचे दोन वाजलेत. भाषणाचा कागद पोटावर ठेवून इंदुमती ढमाळ खाटेवर आडव्या झाल्यात. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं त्यांनी स्वतःला बजावलंय. अठ्ठावीस वर्षं वर्गात डुलक्या काढणारी पोरं पकडलेल्या बाईंना हे बजावणं किती वेळ टिकतं ते ठाऊक असायला हवं. पण स्वतःच्या बाबतीत माणूस भोळाच असतो.

चार वाजता ग्रामसभा आहे. आसदरे हे सातारा जिल्ह्यातलं फौजींचं गाव, घरटी एक माणूस सैन्यात, कुठे कुठे दोन. सन दोन हजार तीनच्या या जून महिन्यात गावात दुसरा विषय नाही. अमेरिकेनं इराकमध्ये फौज घुसवली, बगदाद घेतलं, आणि आता तिथल्या राखणीला आपल्या सरकारकडे जवान मागितलेत. द्यायचे की नाही यावर दिल्लीत खल चालू आहे. दिल्ली ठरवेल तेव्हा ठरवेल, पोरं तर आपली जाणार आहेत, असं म्हणून बाईंच्या महिला मंडळानं ठराव आणलाय. गावातलं दारूचं दुकान बंद पाडणारं हेच ते मंडळ. ठराव साधा आहे: आसदऱ्याची पोरं आपल्या देशाच्या राखणीला आहेत, दुसऱ्यानं घुसून घेतलेल्या देशाच्या राखणीला त्यांना पाठवू नये.

ठराव पडेल अशी बाईंना धास्ती आहे. पारावरच्या माजी सैनिकांनी कालच ऐकवलंय, फौजेनं कुठं जायचं ते आता बायका ठरवणार का? याला उत्तर एकच, आणि ते कागदाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. हणमंत निकम. याच गावचा. सत्त्याऐंशी साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला आणि परत आली ती त्याची काळी ट्रंक. हे नाव घेतलं की पारावरचा एकही जण तोंड उघडणार नाही. पण हे नाव बाईंनी पूर्वीही घेतलेलं आहे, आणि ते त्यांना अजून सलतं.

पंखा घरघरतोय. तिसऱ्या परिच्छेदातल्या ओळी एकमेकींवर चढतायत. बाई डोळे मिटत नाहीत, डोळेच आपले मिटतात.

उंबऱ्यावर गजराक्का बसलीय. हणमंतची आई. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ, आणि ती खडे निवडतेय. तिला जाऊन सहा वर्षं झाली हे बाईंना पक्कं माहीत आहे, पण त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की ही आपल्याशी बोलेल का?

‘या ना आत, गजराक्का,’ बाई म्हणतात.

‘आत कशाला? तुमी तर बाहीर निगालाय.’

खरंच की. बाई एसटी स्टँडवर उभ्या आहेत. हातात खळीची बादली, आणि समोरच्या खांबावर नुकतंच चिकटवलेलं ओलं पत्रक. सायक्लोस्टाईलची जांभळी अक्षरं आहेत, त्यांच्याच हातची. ‘आसदऱ्याचा हणमंत निकम कुणासाठी मेला?’ खांबाच्या बुडाशी गजराक्का सूप घेऊन बसलीय आणि येणारेजाणारे तिला वळसा घालून जातायत.

‘मला कुटं वाचता येतंय? कंडक्टरनं वाचून दाखिवलं. समद्या स्टँडाम्होरं,’ ती म्हणते. ‘शेवटाला काय लिवलंया, बाई?’

बाईंना ते पाठ आहे. तरी त्या खांबाकडे बघूनच वाचतात. ‘कुणासाठीच नाही.’

‘व्हय. कुनासाठीच न्हाई.’ गजराक्का एक खडा निवडून बाजूला टाकते. ‘त्याचा दहावा व्हता त्या दिशी.’

‘मी ते सरकारला विचारलं होतं, अक्का.’

‘आन वाचून मला दाखिवलं.’

त्या दिवसापासून ही बाई मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. नऊ वर्षं. शाळेवरून जाताना पदर ओढून पलीकडच्या कडेनं जायची. बाईंना तिचा आधी राग यायचा, मग यायचा बंद झाला, आणि नंतर नुसती लाज वाटायची. पण लाज वाटते म्हणून कुणाच्या दारात जाऊन उभं राहावं, हे त्यांना जमलं नाही. मोर्चे काढायला जमलं.

‘बसा,’ गजराक्का म्हणते. दोघी एसटीत बसल्यात, खिडकीच्या बाकावर. पाटीवर सातारा लिहिलंय, बाहेर मात्र माडच माड आहेत आणि त्यांच्या पलीकडे पाणी. गाडीत तिसरं कुणी नाही. मध्येच बेल वाजते आणि गाडी तशीच पुढे जात राहते.

‘ह्येच का ते?’

‘असेल. मीही कधी पाहिलेलं नाही.’

‘हितं आपलं कोन सोयरं व्हतं?’

‘कुणी नाही.’

‘मग शांती कराय गेला म्हनं. बंदूक घिऊन शांती कशी करत्यात, बाई? तुमी शिकलेल्या हाईसा.’

बाईंनी या विषयावर तीन तालुक्यांत भाषणं केलीत. त्यातलं एकही वाक्य आता आठवत नाही. ‘मला नाही सांगता येत,’ त्या म्हणतात.

रस्त्याच्या कडेला एका झोपडीपुढे एक म्हातारी बसलीय. काळीसावळी, केसांचा बुचडा बांधलेली. तिच्या पुढ्यातही सूप आहे आणि तीही तांदूळ निवडतेय. गाडी जवळून जाते तशी ती वर बघते. गजराक्का तिला हात करते, बाजारात ओळखीची बाई दिसल्यावर करावा तसा.

‘तिचंबी पोर गेलं,’ ती बाईंना सांगते. ‘कुनाच्या गोळीनं ते तिला कुनी वाचूनबी दाखिवलं न्हाई. तुमच्या कागुदात ती नव्हती, बाई.’

‘नव्हती,’ बाई कबूल करतात. त्या मागे वळून बघतात तेव्हा म्हातारी पुन्हा सुपात वाकलेली आहे.

पायाखाली वाळू लागते. गावाखालचा नदीकाठ आहे. पिंड मांडलेत, त्यावर काळे तीळ आहेत, आणि माणसं मागे सरून उभी आहेत. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेत, एकही खाली येत नाही. माणसं एकामागून एक हात जोडून पुढे होतायत. हणमंता, तुझ्या नावाची कमान उभारू. हणमंता, तुझ्या बहिणीचं लगीन आम्ही लावून देऊ. हणमंता, शाळेला तुझं नाव देऊ. कावळे हलत नाहीत.

लांब, धुण्याच्या दगडांपाशी, एक बाई उभी आहे. चव्वेचाळीस वर्षांची, काखेत पत्रकांचा गठ्ठा, सारखी मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारी. इंदुमती ढमाळ तिला ओळखतात आणि त्यांना कुठे तोंड लपवावं ते कळत नाही.

‘मी वैतागले होते, अक्का. कावळ्यासाठी एवढा वेळ थांबायचं म्हणजे अडाणीपणा वाटत होता मला.’ मग खोटं कशाला बोला म्हणून त्या पुढे सांगतात, ‘अजूनही वाटतो.’

‘वाटू द्या की. माना म्हनून म्या कुटं म्हन्तीया?’ गजराक्का हसते. तोंडात पुढचे दोन दात नाहीत. ‘तुमी स्टँडाकडं गेलासा, आन मागनं शिवला.’

‘कशानं शिवला?’

‘म्या बोलले त्याच्यासंगं. हळूच. म्हनले, हनमा, तू बिनघोर जा. ह्या गावातलं दुसऱ्या कुनाचं लेकरू म्या परक्याच्या भांडनात जाऊ द्याची न्हाई. तर फाटदिशी खाली आला.’

बाई दगडांकडे वळून बघतात. घड्याळवाली बाई केव्हाच निघून गेलीय, दगड रिकामे आहेत.

‘म्हणजे तुम्ही आणि मी एकच सांगत होतो.’

‘व्हय.’

‘मग नऊ वर्षं बोलला का नाहीत?’

‘नाव माजं, आन मला न इचारता घेतलं. माज्या पोराचा कागूद मीच कंडक्टराकडनं ऐकायचा व्हय?’ पहिल्यांदाच तिचा आवाज चढतो, आणि लगेच उतरतोही. ‘इचारलं असतासा तर खळीची बादली म्या धरली असती.’

बाईंना रडू येतं. चारचौघांत कधी न रडलेल्या बाई नदीच्या वाळूत बसून लहान पोरीसारख्या रडतात. रागानं नाही, दुःखानंही नाही, नुसत्या हळहळीनं. दोघी मिळून या गावात काय काय झालं असतं!

‘आज ग्रामसभा आहे,’ बऱ्याच वेळानं त्या म्हणतात. ‘पुन्हा पोरं मागितलीत. आज घेऊ का त्याचं नाव? विचारते आहे.’

‘कशापायी? पारावरच्यांची तोंडं बंद कराय?’

‘त्यासाठीच,’ बाई खरं ते सांगतात.

‘माजा आता मातीत हाय. ज्यांची जित्ती हायती त्यांना इचारा आदी.’ गजराक्का सूप बाजूला ठेवते, पिंडाशेजारच्या द्रोणात बोटं घालते. ‘हात करा. त्याचं नाव हितं घ्या. बायकांनी पानी द्याचं नसतं म्हनून मला देऊ दिलं न्हाई.’

‘मी हे मानत नाही, गजराक्का.’

‘ठाव हाय. माज्यासाठनं.’

बाई उजवा हात पुढे करतात. त्यावर तीळ पडतात, मग पाणी, नदीचं, थंडगार. कागदावर, व्यासपीठावर, मोर्चात घेतलेलं ते नाव त्यांना आता नीट उच्चारताच येत नाही. दोनदा ओठ हलतात.

‘हणमंत,’ त्या म्हणतात.

बोटांच्या फटींतून पाणी वाळूत पडतं. शेजारी कुणी नाही.

‘बाई! ओ बाई! साडेतीन वाजले की!’

दारात शालन कणसे उभी आहे. बाईंची जुनी विद्यार्थिनी, मंडळाची सचिव. तिचा एकुलता उदय दोन वर्षांपूर्वी फौजेत भरती झालाय, आणि पाठवायची वेळ आली तर त्याच्या पलटणीचा नंबर लागेल अशी गावात कुजबुज आहे. ठराव मांडताना आजवर शालननं हे एकदाही बोलून दाखवलेलं नाही. कुणी तिला विचारलंही नाही. बाईंनीही नाही.

बाई उठून बसतात. कागद खाली पडलाय, तो त्या उचलत नाहीत.

‘शालन, सभेत मी उदयचं नाव घेतलं तर चालेल तुला?’

शालन चपापते. चौकटीला हात टेकते. तिचे डोळे भरून येतात, पण ती ते पुसत नाही.

‘तुम्ही कशाला?’ ती म्हणते. ‘माझ्या पोराचं नाव मीच घेते की.’ आणि मग जरा घाबरून, ‘तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा. पाय कापतील माझे.’

‘राहते.’

‘चला मग. द्या हात.’

बाई उजवा हात पुढे करतात. मूठ घट्ट मिटलेली आहे, ती त्यांना सोडवावी लागते. तळवा ओला आहे. मधल्या रेषेत तीन काळे तीळ चिकटलेत.

‘हे काय? तीळ?’ शालन विचारते. ‘दुपारी काय केलं होतं जेवायला?’

दुपारी पिठलं-भाकरी होती. घरातले तीळ संक्रांतीलाच संपलेत. उभा जन्म लोकांच्या असल्या गोष्टी खोडून काढण्यात घालवलेल्या बाई तळव्याकडे बघतात, आणि त्यांना काहीही खोडून काढावंसं वाटत नाही. त्या मूठ पुन्हा मिटतात आणि उठण्यासाठी शालनला डावा हात देतात.