माईकवर ठेवलेला हात

आमचे हे वारल्यावर तीन-चार वर्षांनी मला नावाने हाक मारायला लागले. जिवंतपणी एकदाही मारली नव्हती.

ही करामत माझ्या नातीची. ती एका कंपनीत ऑडिओ गोष्टी बनवते. कानात बोंडं घालून लोक ऐकतात ना, त्या. तिने पहिल्यांदाच स्वतःची मालिका लिहिली होती. लालबागच्या चाळीत नवी नवरी येते आणि पुढचा सगळा संसार नवरा सांगतो. नवरा म्हणजे तिचे आजोबा, नवरी म्हणजे मी. आणि नवऱ्याचा आवाजही आजोबांचाच. जुन्या आवाजाचे तुकडे कॉम्प्युटरला भरवले की तो त्या आवाजात हवं ते बोलतो म्हणे. माणसाने जन्मात जे म्हटलं नाही तेसुद्धा.

जुने तुकडे आले गणपती मंडळाकडून. हे परळच्या एका इस्पितळात स्टोअरला होते. घरी तोंड उघडायचे ते ‘चाय’, ‘पंखो’ आणि ‘गो’ एवढ्यासाठी. या तीन शब्दांत आमचा महिना निघायचा. पण गणपती आले की संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मंडळाच्या चौकीत माईकपुढे बसायचे आणि आतून दुसराच माणूस निघायचा. ‘भाविकांना नम्र विनंती.’ ‘माता-भगिनींनी कृपया डावीकडच्या रांगेने यावं, घाई करू नये, दर्शन सर्वांना मिळेल.’ आवाज असा की रेटारेटी करणारी बाई लाजून मागे सरकायची. चाळीतल्या बायका मला म्हणायच्या, काय नशीब गो तुझं, हा आवाज रोज घरात. मी मान डोलवायची. काय सांगणार, की घरात फक्त पंखा ऐकू येतो?

त्या कॅसेटी मंडळाने जपून ठेवल्या होत्या. चाळ पडली, तिथे टॉवर झाला, आम्ही लिफ्टने वर गेलो, कॅसेटी मात्र खालीच मंडळाच्या कपाटात राहिल्या. नात मागून घेऊन आली.

एका रविवारी तिने सगळ्यांना बसवून पहिला भाग ऐकवला. हे बोलायला लागले. ‘तू उंबऱ्यात उभी होतीस. तुझ्याकडे नीट बघायचं धाडस होईना. मग मी हळूच तुझं नाव घेऊन बघितलं.’ आणि घेतलं. माझं नाव.

हे नाव माहेरचं नव्हे. लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनीच ते अंगठीने लिहिलं होतं. लिहिलं तेवढंच. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले आणि आम्ही जेवलो.

मुलगा रडला. साठीला आलेला माणूस, डोळे पुसायला टीपॉयवरचं फडकं घेतलं. सून म्हणाली, बाबा इथेच बसलेत असं वाटतं. मी खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते.

आवाज कुठला ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. तो ‘नम्र विनंती’वाला आवाज होता. रांगेतल्या परक्या बायकांसाठी काढलेला मऊपणा धुऊन, वाळवून आता कंपनीवाले माझ्या अंगावर घालत होते. मापात बसतही होता, हे जास्त वाईट.

कंपनीला घरच्यांचा होकार हवा होता, आणि त्यात पहिली मी. मी हो म्हटलं नाही तर मालिका नाही, आणि ही तिची पहिली.

“आजोबांना विचारलंस?” मी म्हटलं.

“आजी, ते कसे सांगणार?”

“तेच म्हणते मी.”

ती गप्प बसणारी नाही, माझ्यावर गेलीय. म्हणाली, नाटकात मेलेल्या माणसांची कामं करतात, त्यांच्या तोंडी कुणीतरी लिहिलेलीच वाक्यं असतात, तेव्हा तू पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतेस. मी म्हटलं, नट घामाघूम झालेला दिसतो मला, म्हणून वाजवते. ती म्हणाली, आम्ही सुरुवातीला सांगणार आहोत की हा आवाज मशीनने बनवलाय. म्हणजे सुरुवातीला सांगणार आणि शेवटी रडवणार. मी विचार करते म्हटलं.

विचार कसला. मंगळवारी सगळे कामाला गेल्यावर मी कोलंबी सोलायला बसले आणि मोबाईल ओट्यावर उभा करून तो भाग लावला. संपला की तो आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. बंद करायला हात खराब होते, असं मी मनाला सांगत होते. कोलंबी सोलून झाली, हात धुतले, तरी हे उंबऱ्यातल्या मला हाका मारत होते. खोट्या हाकेला मी आतल्या आत ओ देत होते, या वयात. संताप आला तो मशीनचा नाही, माझाच.

कारण ही खोड जुनी. पुढच्या रविवारी नात होकार मागायला आली तेव्हा तिला ती गोष्ट सांगितली, जी मी कुणाला सांगितली नव्हती.

लग्नानंतरचा पहिला गणपती. ही नवी नवरी, म्हणजे मी, डोक्याने अगदीच कच्ची. दोन वेण्या गेल्या आणि अंबाडा आला, एवढीच काय ती वाढ. तिने चौकीत हरवलेल्या माणसांच्या घोषणा ऐकल्या. अमुक गावची अमुक मुलगी, वडील तमुक, आपण जिथे असाल तिथून या. नवरा जगाची नावं घेतोय आणि आपलंच तेवढं घेत नाही. तर बाईसाहेबांना वाटलं, आपण हरवावं. शेजारच्या खोलीतल्या बाईला पटवलं. तिने धावत चौकीत जाऊन सांगायचं की तुमची बायको गर्दीत चुकली. घरापासून चार पावलांवर चुकली, हे कुणालाही पटेल का, याचा विचार त्या अंबाड्यात शिरला नाही. मी जाऊन कर्ण्याखालीच उभी राहिले, बांगड्यांच्या गाडीपाशी. हातात बांगड्या चढवत, कान वर.

मग हे बोलले. तो मजकूर मी नातीला शब्द न् शब्द सांगितला. ‘एक महिला गर्दीत चुकल्या आहेत. आकाशी रंगाचं पातळ, उंची बेताची, वर्ण सावळा. या महिलेने जिथे असेल तिथून मंडळाच्या चौकीशी यावं. घरची मंडळी वाट पाहत आहेत.’

नाव नाही. मंडळीत स्वतःलाही घातलं नाही. पण वर्ण सावळा हे मात्र सगळ्या लालबागला कळवलं. बांगडीवाल्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, वहिनी, बोलावतायत तुम्हाला.

नात हसून हसून आडवी झाली. मग विचारलं, तू गेलीस?

“गेले. जाणार कुठे? मला बघितलं, माईकवर हात ठेवला आणि बोलले काय ते.”

ती उठून बसली. “हात ठेवला?”

नेहमी ठेवायचे, मी म्हटलं. चहाचा थर्मास द्यायला मी रोज जायची. माझ्याशी बोलायचं तर माईक झाकूनच.

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, आजी, प्रत्येक कॅसेटमध्ये मधेच धप्प असा आवाज येतो आणि पुढे काहीतरी पुटपुटल्यासारखं. आम्हाला वाटलं खराबी आहे. सगळं कापून साफ केलं आणि उरलेलं मशीनला दिलं.

मूळ कॅसेट न कापता मोबाईलवर उतरवलेली होती तिच्याकडे. मी ऐकव म्हटलं. माता-भगिनी, डावीकडची रांग, मग धप्प, आणि पाण्याखालून बोलल्यासारखं काहीतरी. तिला कळेना. मला कळलं. ‘साखर कमी.’

तेवढ्यासाठी मी मोबाईल कानाला चिकटवून बसले. हा माझा नवरा. हा त्यांनी कापून टाकला होता, आणि लोकांचा होता तो मला आणून दिला होता.

मग मी माझा सौदा सांगितला. उंबरा नको, नाव नको, गोड काहीच नको. ही हरवलेल्या बाईची गोष्ट कर. ती मी माझ्या तोंडाने सांगेन, या फाटक्या आवाजात. आजोबांच्या आवाजात फक्त ती घोषणा, जशी केली तशी. आणि पुढे तो धप्प, खरा, कॅसेटमधला.

मालिकेची एकच गोष्ट झाली. कंपनीतल्या वरच्यांना उंबराच हवा होता. नात त्यांच्याशी भांडली आणि मग आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. घोषणा मात्र अशी उतरली की मी ऐकताना पदर सावरला. मशीनला तेच येत होतं आणि तेच त्याच्याकडून घ्यायला हवं होतं.

पहिला भाग मुलाने स्वतःकडे ठेवून घेतला. त्यात पुढे कुठेतरी हे त्याला ‘बाळा’ म्हणतात. ते खोटं आहे हे त्याला मी का सांगू? त्यालाही कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या फोनवरचा मी नातीकडून पुसून घेतला. पुसण्याआधी एकदा ऐकला, ते तिला सांगितलं नाही.

गोष्ट लोकांना आवडली. धप्प झाल्यावर आम्ही काही ठेवलेलं नाही, नुसती गणपतीची गर्दी ऐकू येते आणि गोष्ट संपते. ऐकणाऱ्या बायका नातीला लिहितात, काय बोलले असतील हो आजोबा? कुणी म्हणतं जवळ घेतलं असेल. एकीची तर खात्रीच आहे की तेव्हा नावाने हाक मारली. नातीनेही विचारून बघितलं. मी म्हटलं, आता कुठलं आठवतं.

आठवतं की. म्हणाले, “लाज नाय तुका? घराक जा, भात करपतलो.”

गेले. भात खरंच लागला होता.