परबांच्या मोटारीची झाकणे

भजनी मंडळात किस्से फार साठतात, आणि त्याचे कारण सरळ आहे. देवापुढे बसल्यावर हसता येत नाही. दाबलेले हसू कुठेतरी साठणारच. आमच्या बोरिवलीच्या मंडळात ते बहुतांशी परबांच्या मोटारीत साठले.

परब म्हणजे आमचे मृदंगवाले. शेजारीपाजारी रंगीत टीव्ही येऊ लागले, त्या सुमारास त्यांनी एक म्हातारी पांढरी मोटार घेतली. हेतू एकच. "माझा चेडू माझ्याच गाडयेतसून सासरी जातला," असे ते आरतीनंतर प्रत्येकाला सांगत. चेडू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, सुषमा. मोटारीची चाके मात्र गंजलेली होती. म्हणून परबांच्या मेहुण्यांनी, म्हणजे सुषमाच्या मामांनी, चाकांवर बसणारी चकचकीत झाकणे, म्हणजे व्हीलकॅप, भेट दिल्या आणि स्वहस्ते ठोकून बसवल्या. आमचे टाळकरी नाईक मोटारीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "चाकं झकास झाली, परब. आता एक गाडी घ्या."

•

व्हीलकॅपला एक भोक असते. चाकात हवा भरायचा व्हॉल्व्ह त्यातून बाहेर यावा, अशी योजना असते. मामांनी कॅप बसवताना ही योजना विचारात घेतली नव्हती. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याने भोकात डोकावून पाहिले, बोट घातले आणि विचारले, "सेठ, हवा डालूँ किधर?"

"तां काय भोक दिसता," परब म्हणाले.

"भोक है. अंदर कुछ नहीं."

मागच्या सीटवरून नाईक म्हणाले, "देऊळ इथे बांधलंय रे, देव पलीकडच्या गल्लीत राहतो."

•

कॅप काढली की ओरखडा पडे, आणि मामा दर रविवारी ओरखडे तपासायला येत. तेव्हा न काढता मार्ग शोधणे भाग होते. नाईकांनी तो शोधला. मोटार हळूहळू पुढे ढकलावी, म्हणजे भोक फिरत फिरत व्हॉल्व्हसमोर येईल. संपूर्ण मंडळाने मोटार ढकलली. भोक फिरले. व्हॉल्व्हही फिरला. देवळाच्या आवाराला आमची एक प्रदक्षिणा घडली.

नाईक पेशाने इंजिनिअर होते.

•

मढला कोळीवाड्यात आमचे भजन होते. पोहोचलो तेव्हा मागचे एक चाक पार बसले होते. दारात जाळे घेऊन बसलेल्या एका कोळणीने चाकाकडे पाहिले, आमच्या कपाळावरच्या बुक्क्याकडे पाहिले आणि म्हणाली, "त्याला पन येकादशी हाय काय?"

•

निरूपण माझ्याकडे असे. एका गुरुवारी मी म्हणालो की, माणूस बाहेरच्या लखलखाटासाठी आतला प्राण कोंडून ठेवतो. मी देहाविषयी बोलत होतो. सगळ्यांनी परबांकडे पाहिले. नाईकांचा टाळ चुकला.

प्रसादाच्या वेळी परब माझ्याजवळ आले. "बुवा, निरूपण बरा झाला," ते शांतपणे म्हणाले. "आता घराक चलत जावा."

मी चालत गेलो. सत्य सांगणाऱ्याने इतकी तयारी ठेवावी.

•

अखेर परबांनी एका सकाळी घरातले उलथणे नेऊन मागच्या चाकाची कॅप उचकटली आणि हवा भरली. त्या दिवशी त्यांच्याकडे घावणे होते. तव्यावरचा पहिला घावणा उलटता उलटता फाटला. परबवहिनींनी उलथण्याचे वाकलेले टोक खिडकीतून उजेडात धरले आणि खाली उभ्या मोटारीकडे पाहिले. परबांना दुपारी जेवायला माझ्याकडे यावे लागले.

•

सुषमाचे लग्न गोरेगावच्या एका हॉलमध्ये झाले. संध्याकाळी अमावस्या लागणार होती; त्यापूर्वी गृहप्रवेश व्हायला हवा होता. फुलांनी मढवलेली परबांची मोटार दारात उभी होती, आणि तिचे पुढचे चाक बसले होते. डिकीत पायाने मारायचा पंप होता. कॅप काढायला काही नव्हते. मामांची नखे तुटली. नाईक म्हणाले, "ढकलून बघूया?"

"वेळ जातोय हो," नवरदेवाचे काका म्हणाले. "आमची गाडी आहे ना मागे. मुलीला त्यातच बसवा."

परब हॉलच्या पायरीवर बसले. त्यांच्या मांडीवर मृदंग नव्हता, तरी बोटे हलत होती.

सुषमाने एकदा वडिलांकडे पाहिले. मग तिने नवऱ्यापुढे हात केला. त्याच्या हातात, रीतीप्रमाणे, टोकाला लिंबू खोचलेली कट्यार होती.

"अहो, द्या ती इकडे."

"अगं, घरी जाईपर्यंत खाली ठेवायची नसते."

"खाली कोण ठेवतंय?"

तिने लिंबू काढून सासूबाईंच्या हातात दिले, शालू गुडघ्यांत आवरून खाली बसली, कट्यार कॅपच्या कडेत घातली आणि दाबली. कॅप उडाली आणि गडगडत मामांच्या पायाशी जाऊन पडली. आतले गंजके चाक सगळ्या वऱ्हाडाने पाहिले. सुषमाने पंपाची नळी व्हॉल्व्हला लावली आणि नवऱ्याकडे पाहिले. त्याने मुंडावळ्या कानामागे टाकल्या आणि पंपावर पाय ठेवला.

चाक उभे राहिले. परब उठले, डोळे पुसून स्टिअरिंगवर बसले. मामांनी कॅप पुढे केली. "ही बसवतो ना परत?"

"ती तुमी घेवन येवा मागसून," परब म्हणाले. "आमका उशीर होता."

सासूबाई लिंबू मुठीत धरून मोटारीपाशी आल्या. आता काय ऐकावे लागणार म्हणून वहिनींनी पदर तोंडाशी नेला. सासूबाई खिडकीतून आत वाकल्या.

"सुषमा," त्या म्हणाल्या, "आपल्या स्कूटरचा पण मागचा टायर बसलाय हां."