नाव सांगून आत येणारे दत्तू मास्तर

दत्तू मास्तर कुठेही गेले तरी आधी दारात थांबत आणि स्वतःचं नाव सांगत. "मी दत्तू. आलोय." शाळेत, देवळात, चावडीवर, इतकंच काय, स्वतःच्या घरातसुद्धा. घरात बायकोशिवाय कुणी नसायचं आणि तिला नवऱ्याचा आवाज काही नवा नव्हता. तरी नाव सांगितल्याशिवाय मास्तर उंबरा ओलांडत नसत. चावडीवरची टवाळ मंडळी ते लांबून दिसले की त्यांच्या आधीच म्हणायची, "मी दत्तू. आलोय." मग मास्तरही हसत. एकदा माझ्या वडिलांनी विचारलं, "शाळेत ठीक हाय मास्तर, पण हितं समद्यांना दिसतंय की." मास्तर म्हणाले, "आबा, चावडीवर इसरलो तर उद्या शाळेत इसरीन."

शाळेत ज्या एकीला दिसत नव्हतं ती हौसा. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. लहानपणी देवी येऊन तिचे दोन्ही डोळे गेले होते. तिचा बाप शंकरतात्या पाटाच्या पाण्यावर वांगी-मिरच्या करायचा आणि बारामतीच्या बाजारात न्यायचा. मास्तर त्याच्या बांधावर जाऊन उभे राहिले तेव्हा मी तिथे मिरच्या तोडत होते, म्हणून ते बोलणं मला पक्कं आठवतं.

"तिला दिसत न्हाय मास्तर. साळंत येऊन काय करंल ती?"

"बाकीची पोरं करत्यात त्येच."

मास्तर मूळचे इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचे. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत, पण एखादी गोष्ट मनाला लागली की गावाकडची बोली वर यायची. त्या दिवशी ते पुस्तकी एक अक्षर बोलले नाहीत. हौसा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली.

आमची शाळा लोणी भापकरच्या अलीकडच्या एका वाडीत होती. एकच लांब खोली, मातीची जमीन आणि मागे दहा पावलांवर पाट. हेडमास्तरांना पाटाचीच धास्ती होती. "पोरगी पाण्यात पडली तर कोण जबाबदार?" असं ते दिवसातून एकदा तरी विचारत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा जीव बदलीच्या हुकमात आणि वरिष्ठांच्या शेऱ्यात अडकलेला असे. त्यांना उत्तर म्हणून मास्तरांनी चिकणमाती कालवली आणि पायरीपासून तिसऱ्या खांबाजवळच्या हौसाच्या जागेपर्यंत जमिनीवर बोटभर उंचीचा वरंबा ओढला. हौसा अनवाणी पायाने तो चाचपत यायची. आणि ती जवळून जाऊ लागली की ज्याने त्याने हळूच आपलं नाव सांगायचं, असा नियम होता. तिचा हात धरलेला मास्तरांना अजिबात खपत नसे. मी एकदा धरला तर म्हणाले, "सुभे, हात सोड. आवाज दे. हात धरलास तर ती तुझ्या वाटेनं जाईल, आवाज दिलास तर तिच्या वाटेनं जाईल."

वर्षभर हे असं चाललं आणि मग दिपोटी यायची वर्दी आली. शाळा तपासणाऱ्या साहेबाला सगळे दिपोटीच म्हणायचे. तो तिसरीची परीक्षा घेणार, पट बघणार आणि शेरा लिहिणार. हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "हौसाला त्या दिवशी घरी ठेवा. साहेबांनी पाहिली तर नाव कमी करायला लावतील." मास्तर म्हणाले, "घरी ठेवली तर नाव आपणच कमी केल्यासारखं झालं." आम्ही खिडकीखाली उभ्या राहून ऐकत होतो. हौसाही होती. ती पाटी छातीशी धरून उभी राहिली.

आदल्या दिवशी हेडमास्तरांनी आम्हा मुलींना जमीन सारवायला लावली. "तळहातासारखी दिसली पाहिजे," म्हणाले. सारवण्यात माझा हात चांगला होता आणि त्याचा मला तोराही होता. तो वरंबा मध्येच आला की पोतेरं अडखळायचं, सारवणाची रेघ तुटायची. मी खुरपं आणलं, वरंबा खरवडून काढला आणि वर असं काही सारवलं की तिथे काही होतं हे कुणाला ओळखू येऊ नये. हेडमास्तरांनी शाबासकी दिली. मास्तर तेव्हा साहेबांसाठी टांगा सांगायला गेले होते. मी काय करून बसले हे माझ्या डोक्यात आलं नाही. आजही हे लिहिताना मला स्वतःची चीड येते.

सकाळी साहेब आले. दारासमोर खुर्चीत बसले. हेडमास्तरांनी आम्हाला बजावलं होतं की साहेब असेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर छडी. पट वाचता वाचता साहेब हौसाच्या नावाशी आले आणि त्याच वेळी पायरीवर तिची पावलं वाजली. तिला यायला उशीर झाला होता, कारण शंकरतात्या तिला सोडतच नव्हता.

तिने उंबरा ओलांडला. "मी हौसा," म्हणाली. मग उजवा पाय पुढे सरकवून वरंबा शोधला. तो नव्हता. तिने पाय डावीकडे नेला, परत उजवीकडे नेला. सगळीकडे नुसती ओली, गुळगुळीत जमीन. आणि खोलीत साठ पोरं असून कुणाचा आवाज नाही. ती जिथल्या तिथे थिजली. साहेबांनी मान वर केली. हेडमास्तर कपाळ पुसू लागले. मी मास्तरांकडे पाहिलं. ते तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पण त्यांनी तिचा हात धरला नाही. ते खाली जमिनीकडे पाहत होते आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

छडी दिसत होती. तरी मी बोलले. "हौसा, मी सुभी. खांबापाशी हाय."

तिची मान वळली. मग पलीकडून कुणीतरी म्हणालं, "मी गणपा." मग, "मी कासम." "मी तुळशी." एकेक नाव येत गेलं आणि त्या नावांच्या मधून हौसा चालत आली आणि माझ्याशेजारी बसली.

"हिचं नाव पटावर कसं?" साहेबांनी विचारलं.

"कमी करतो साहेब, आजच करतो," हेडमास्तर म्हणाले.

"साहेब, आधी परीक्षा घ्या," दत्तू मास्तर म्हणाले.

साहेबांनी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, विचारली. तिने न अडखळता म्हटली. सात गाड्या, दर गाडीत गुळाच्या चाळीस ढेपा, त्यातल्या पंचवीस फुटल्या, तर उरल्या किती? आमची बोटं अजून मोजत होती तोवर ती म्हणाली, "दोनशे पंचावन." मग साहेबांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. तिने ते उघडलं, पानावरून हात फिरवला. "कंचा धडा त्यो सांगा साहेब, म्हणून दावते."

"पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे," साहेब मास्तरांना म्हणाले. "हिला मी पास कसं करू?"

"नका करू," मास्तर म्हणाले. "वाचनात नापास करा. पण पटावर ठिवून करा, साहेब. आजवर तिला कुणी नापाससुद्धा केलं न्हाय."

साहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. गणितात पास, वाचनात नापास, पुन्हा तिसरीत बसवावे. पुन्हा बसवायचं म्हणजे नाव कमी करता येणार नव्हतं. हौसा त्या दिवशी सगळ्या वाडीला सांगत सुटली, "मी नापास झाले." शंकरतात्याने शाळेत गूळ वाटला.

मला छडी बसली नाही. मास्तरांनी फक्त चिकणमाती आणायला सांगितलं आणि नवा वरंबा माझ्याकडून करून घेतला. दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली, इंदापूरच्या बाजूला. ती हेडमास्तरांनीच घडवून आणली हे सगळ्यांना ठाऊक होतं. हौसा मात्र चौथी होईपर्यंत त्या वरंब्यावरून येत राहिली.

तीन-चार वर्षांनी शेळगावहून निरोप आला की मास्तर तापाने गेले. माझे वडील, मी आणि हौसा बैलगाडीने गेलो. पोचेस्तोवर दुपार झाली होती. घर माणसांनी भरलेलं, नुसता आक्रोश. हौसा दारात थांबली आणि म्हणाली, "मी हौसा. आलेय."

रडणं थांबलं. "मी सुभी, तुझ्या डाव्या अंगाला," मी म्हणाले. मास्तरांच्या बायकोने डोळे पुसले आणि म्हणाली, "मी पारू. त्यांच्या उशाशी." मग तिथली, मास्तरांच्या नव्या शाळेतली पोरं एकेक करून नावं सांगू लागली. त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. हौसा प्रत्येक आवाजाकडे तोंड वळवत होती.

सगळ्यांची नावं सांगून झाली. मास्तर गेल्याचं तिला गाडीतच सांगितलेलं होतं, तरी हौसा उंबऱ्यावर उभीच राहिली, आणखी एका आवाजाची वाट पाहत. मग तिने पाय आत टाकला.