टाकेबाईंचा अडखळणारा समुद्र

टाकेबाईंचा समुद्र अडखळायचा. संगणकातला समुद्र, दुसरा त्यांनी पाहिलाच नव्हता. दुपारी शिवणाचं दुकान बंद झालं की त्या आणि दूरच्या शहरातली त्यांची ताई एका खेळात शिडाच्या होड्या सोडायच्या. हेडफोनमधून गप्पा चालत. ताईची होडी सरसर जायची. टाकेबाईंची लाट मात्र अर्धी उठून तशीच थिजायची, आणि ती खाली येईपर्यंत ताई ठिपक्याएवढी झालेली असायची.

"आलीस का गं, गोगलगायी?"

"तुला काय जातंय बोलायला! माझ्याकडे पाणीच चालत नाही."

सोमवारी ताईच्या खांद्याचं ऑपरेशन होतं. मग सहा महिने खेळ बंद. त्याआधी नकाशाच्या कडेचं बेट दोघींनी मिळून गाठायचं ठरलं होतं, आणि हाताशी उरला होता एक रविवार.

शनिवारी टाकेबाई संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईक मापाला जुना शर्ट आणतं, तसा त्यांनी लाटा अडवणारा जुना प्रोसेसर काढून चिंधीत गुंडाळून आणला होता. दुकानदाराने चिंधी सोडली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, हा ठेवला कशात होता?"

"टाचण्यांच्या गादीत खोचून. त्याच्या पोटाला एवढ्या टाचण्या, म्हटलं आपल्या माणसांत राहील."

"चौदा पिना वाकवल्यात की हो!"

पण टाकेबाईंचं लक्ष काचेमागच्या नव्याकोऱ्या प्रोसेसरकडे गेलं होतं. सोळा कोरचा. सोळा कोर म्हणजे सोळा कारागीर, एवढं त्यांना भाच्याने सांगितलं होतं. सोळा जणी ओळीने बसून लाटा शिवताहेत, निळ्याला निळं जोडताहेत, असं त्यांना तिथे उभ्या उभ्या दिसलं.

"घ्या की," दुकानदार म्हणाला. "पण त्याला मदरबोर्ड नवा, मेमरीही नवी. बटणापायी सदरा शिवायचा झाला. आणि तुमच्या खेळाचं बरंचसं काम दोन-चार कोरच उरकतात. बाकीचे बसतील जांभया देत."

 हे टाकेबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्या दुकानात सहा जणी असल्या तरी कॉलर एकीच्याच हाताखालून जाते. बारा हात लागले तर चुण्या पडतात.

"मग चपळ हाताचे थोडेच द्या," त्या म्हणाल्या.

त्याने खणातून एक वापरलेला सहा कोरचा काढला. याच बोर्डात जुन्याच्या जागी बसणारा, पण त्याहून बराच वेगवान. चित्राची सोयही त्याच्या आतच, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. तरी पैसे थोडे कमी पडत होते.

"जुना बदल्यात घेतला असता. पण या पिना..."

टाकेबाईंनी कॉलरमागे खोचलेली सुई काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकल्या. जवळून पाहिलं तर पिना सोनेरी गवतासारख्या ओळीने उभ्या होत्या, आणि मधूनच वारा शिरल्यासारखं थोडं गवत निजलेलं. सुईच्या टोकाने त्यांनी एकेक पातं उठवलं. दुकान, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं कुठेतरी लांब गेलं.

दुकानदाराने भिंग लावून पाहिलं. मग आपल्या बोर्डावर बसवून सुरू करून पाहिलं.

"मावशी, उद्यापासून इथेच या कामाला."

"तुमच्या सदऱ्याचं काखेतलं उसवलंय, ते आधी नीट करून घ्या," त्या म्हणाल्या आणि जुना बदल्यात देऊन सहा कोरचा डबीत घालून घरी निघाल्या.

रविवारी दुपारी लाट उठली ती पुरती उठली, आणि गोल होऊन खाली आली. टाकेबाई थोडा वेळ नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"अगं, शीड सोड!" ताई ओरडली.

मग दोन्ही होड्या शेजारी शेजारी गेल्या. बेटावर काहीच नव्हतं. वाळू, एक वाकडं झाड, आणि संध्याकाळचा पिवळा उजेड. हेडफोनमधून ताईचं हलकंसं कण्हणं ऐकू आलं.

"दुखतोय का खांदा?"

"हं. पण इतक्यात बंद नको करूस."

टाकेबाईंनी होडी वाळूला लावली.